परिक्रमेचं सामान आधी वाण्याच्या काट्यावर ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा उलटला की पायी नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्यांच्या मोबाइलवर सामानाच्या याद्या फिरू लागतात. साठ-सत्तर वस्तू असतात. फोल्डिंगची खुर्ची असते, इलेक्ट्रिक किटली असते, 'असू द्यावी' म्हणून दुसरी चादर असते. यादी घेऊन माणूस दुकानात जातो, दहा-बारा हजार रुपये घालवतो आणि चौदा किलोची सॅक पाठीवर घेऊन ओंकारेश्वरच्या घाटावर उभा राहतो. आठ दिवसांत त्यातलं निम्मं सामान एखाद्या आश्रमाच्या कोपऱ्यात 'कुणाला लागलं तर घ्या' म्हणून पडलेलं असतं. यंदा कार्तिकी एकादशीनंतर निघणाऱ्यांसाठी हे पत्र आहे. लांबलं आहे याची कल्पना आहे. जागेअभावी काही कापायचंच असेल तर पूजेच्या सामानाचा भाग कापा, बुटांचा कापू नका.

हिशेब साधा आहे. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही काठ मिळून २,६२४. सरदार सरोवर, इंदिरा सागर, बरगी या धरणांच्या फुगवट्यात जुनी काठाकाठाची वाट जागोजागी बुडाली, वळसे वाढले, त्यामुळे प्रत्यक्ष चाल तीन हजारांच्या घरात जाते. रोज २०-२२ किलोमीटर चाललं तर साडेचार महिने. किलोमीटरला तेराशे-चौदाशे पावलं धरली तर सगळी मिळून चाळीस लाखांवर पावलं होतात. बॅगेत सहज टाकलेली एक किलोची वस्तू गुडघा तितक्या वेळा झेलणार असतो.

आणि वाटेवर खर्च फारसा नसतोच. अन्नक्षेत्रात शिजवलेलं मिळतं, कुठे सदाव्रतात पीठ-डाळ-तांदूळ मिळतो, रात्री आश्रम, धर्मशाळा, शाळेचा व्हरांडा किंवा कुणाची ओसरी असते. पैसे जातात ते निघण्याआधी. म्हणून काटकसर करायची तर तिथेच.

पहिलं काम: सगळं सामान खाटेवर मांडा, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर एकेक वस्तू तोला आणि वहीत लिहा. एरवी 'हलकं आहे' असं वाटणारं सामान ग्रॅममध्ये दिसलं की डोळे उघडतात. पाणी सोडून एकूण वजन आपल्या वजनाच्या एकदशांश असावं. पासष्ट किलोच्या माणसाला साडेसहा किलो. वर एक लिटर पाणी, म्हणजे साडेसात. यापेक्षा जास्त भरलं तर वहीतली सगळ्यात जड ओळ बघा, सुरुवात तिथून करा. रुमाल आणि पेन काढून वजन उतरत नाही.

सगळ्यात जड ओळ बहुधा अंथरूण-पांघरुणाची असते. घोंगडी उबदार खरी, पण दीड-दोन किलोची आणि भिजली की दोन दिवस वाळत नाही. सोलापुरी चादर किलोभर भरते, पण तेवढी ऊब देत नाही. स्लीपिंग बॅग चांगली, पण हलकी हवी तर महाग, आणि स्वस्तातली दीड किलोची. स्वस्त, हलकं आणि पुरेसं असं जमतं ते तीन थरांत: खाली फोम, मध्ये सुती पिशवी, वर फ्लीसचं म्हणजे पोलरचं पांघरूण. पांघरूण सहाशे ग्रॅमपर्यंत मिळतं.

सुती पिशवी घरीच शिवता येते. जुनी, मऊ झालेली सुती साडी घ्या, नवी करकरीत नको. साधारण साडेपाच मीटरची असते, त्यातला ४ मीटर ४० सेंटिमीटरचा तुकडा कापा. लांबीत दुमडला की सव्वादोन मीटरच्या आसपास लांबीची पिशवी होते आणि तळाला शिवण लागतच नाही. पन्ह्यातून दोन्ही बाजू कापून रुंदी ८५ सेंटिमीटरवर आणा. याहून रुंद ठेवली तर आत हवा खेळते आणि ऊब राहत नाही. एक बाजू पूर्ण शिवा, दुसरी तोंडापासून ५० सेंटिमीटर सोडून शिवा, म्हणजे आत-बाहेर होता येतं. शिवण दुहेरी घाला. एकेरी घातली तर जुन्या कापडाचे धागे सुटतात आणि पंधरा दिवसांत पायाचं बोट बाहेर येतं. उरलेल्या मीटरभर कापडाची उशीची खोळ करा, रात्री तिच्यात उद्याचे कपडे भरायचे. हे सगळं तीनशे ग्रॅमच्या आत बसतं. आश्रमात घोंगड्या मिळतात, पण त्या रोज वेगळ्या माणसाच्या अंगावर असतात. ही पिशवी मध्ये असली की खाज-गजकर्ण घरी येण्याची भीती कमी होते. आठवड्याला एकदा धुवायची.

थंडी वाजते ती बहुतेक वेळा खालून. माणूस वर दोन पांघरुणं घेतो आणि फरशीवर नुसती सतरंजी टाकतो. अंगाखाली दबलेलं कापड ऊब धरत नाही, कारण त्यातली हवाच निघून जाते. पॅकिंगच्या दुकानात १० मिलिमीटर जाडीचा पांढरा ईपीई फोम मीटरवर मिळतो. १२० सेंटिमीटर लांब, ५० रुंद तुकडा घ्या. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत तेवढा पुरतो, पाय रिकाम्या सॅकवर ठेवायचे. वजन दोनशे ग्रॅमच्या आत. दीड महिन्यात तो कमरेखाली चपटा होतो, तेव्हा डोक्याची बाजू पायाकडे फिरवा. योगाची मॅट मात्र नेऊ नका. ती किलोच्या वर जाते. अगदीच गारठा पडला तर फोमखाली वर्तमानपत्राची चार-सहा पानं पसरा. आपल्या दैनिकाचा एवढा उबदार उपयोग दुसरा नाही.

थंडी कुठे गाठेल हे आपण कुठून निघतो यावर आहे. ओंकारेश्वरहून कार्तिकात दक्षिण काठाने निघालं, नदी उजव्या हाताला ठेवली, की पश्चिमेकडे जाताना डिसेंबर-जानेवारी बडवानीपुढची शूलपाणीची झाडी, गुजरात आणि परतीचा निमाड यांत जातो. तिथल्या रात्री गार असतात, पण वरच्या यादीत भागतं. अमरकंटकला, नर्मदेच्या उगमाशी, पोहोचेपर्यंत फेब्रुवारी-मार्च उजाडतो. ते हजार मीटरहून जास्त उंचीवर आहे, तेव्हाही पहाटे कानटोपी लागते. जो अमरकंटकहूनच निघतो त्याला मात्र ऐन थंडीत मैकलच्या डोंगरात आणि दिंडोरीच्या पठारावर चालावं लागतं. त्याने एक थर्मल बनियन-पायजम्याचा जोड आणि हातमोजे वाढवावेत. हातमोजे विसरले तर लोकरी पायमोजे हातात घाला, कुणी हसत नाही.

आता बूट. सगळ्या सामानात पैसे खरे इथे घालावेत. डोंगर चढायचा घोट्यापर्यंतचा जड बूट या वाटेला नको. वाट बरीचशी मातीची, शेताच्या बांधाची आणि डांबरी सडकेची आहे, आणि पायात वाढलेलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा जास्त थकवतं. धावण्याचा किंवा चालण्याचा साधा बूट, जाळीच्या कापडाचा, जाड तळव्याचा. कॅनव्हासचा स्वस्त बूट डांबरावर टाचा भरून आणतो, कारण त्याच्या तळव्यात दाब झेलायला काही नसतं. बूट संध्याकाळी विकत घ्या, दिवसभर चालून पाय फुगलेला असताना. चालण्यासाठी वापरणार तेच मोजे घालून माप घ्या. अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे, म्हणजे नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा. निघण्याआधी तो घालून निदान शंभर-दीडशे किलोमीटर चाला, त्यातले काही दिवस भरलेली सॅक पाठीवर घेऊन. घाटावर कोरा बूट काढणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फोड येतो.

उतारावर नख काळं पडतं ते पाय बुटात पुढे सरकून. बूट लहान असेल किंवा नाडी सैल असेल तर होतं. बुटाच्या वरच्या टोकाला नाडीचं एक जास्तीचं भोक असतं, बहुतेक जण ते वापरत नाहीत. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून लहान फास करा, समोरच्या बाजूची नाडी त्या फासातून ओवून आवळा, मग गाठ मारा. टाच जागेवर राहते, बोटं पुढे आदळत नाहीत. नखं आठवड्याला सरळ रेषेत कापा, कोपरे खोल कापले तर रुततात.

असा बूट आठशे ते हजार किलोमीटरला तळव्यात बसतो. वरून धड दिसतो, पण आतला फोम मेलेला असतो, आणि अचानक गुडघे, नडगी दुखू लागतात. लोक गोळ्या घेतात, बूट बदलत नाहीत. म्हणजे पूर्ण परिक्रमेला तीन जोड लागतील असं आधीच धरा आणि एक महागडा जोड घेण्याऐवजी तेच पैसे तीन मध्यम जोडांत वाटा. दुसरा जोड उत्तर काठावर बडवाहला घ्यावा, तोवर साधारण हजार किलोमीटर झालेले असतात. तिसरा जबलपूरला, दुसरा अजून चालण्याजोगा वाटला तरी. पुढे अमरकंटकच्या चढापर्यंत मनाजोगता बूट मिळेलच असं नाही. ज्यांचा पाय १० नंबरच्या वर आहे त्यांनी तर लहान गावच्या बाजारावर भिस्त ठेवूच नये, घरून जोड मागवण्याची व्यवस्था आधी करावी. समुद्राच्या तोंडाशी नावेने पलीकडे जाणं सोडलं तर परिक्रमेत नदी ओलांडायची नाही, हेही खरेदीच्या वेळी लक्षात ठेवा. समोरच्या काठावर मोठं गाव आणि दुकानांची रांग दिसते, पण आपल्या कामाची नाही.

सुती मोजे घरी ठेवा. सूत घाम धरून ठेवतं, ओली कातडी मऊ पडते, घासली की सोलते. आत पातळ नायलॉनचा, वर पॉलिस्टर किंवा लोकर मिसळलेला, असे दोन मोजे घातले तर घर्षण दोन मोज्यांत होतं, कातडीवर येत नाही. वरचे तीन जोड, आतले तीन. दुपारच्या विसाव्याला बूट-मोजे काढून पाय वाऱ्यावर धरा, सकाळचे मोजे सॅकच्या मागे पिना लावून वाळत घाला.

चालताना एखाद्या जागी चटका लागल्यासारखं वाटलं की तिथल्या तिथे थांबा. 'पुढच्या गावात बघू' म्हणणारे पुढच्या गावात लंगडत पोहोचतात. पाय कोरडा पुसून त्या जागी कागदी चिकटपट्टी, म्हणजे औषधाच्या दुकानातला पेपर टेप, सुरकुती न पाडता लावा. फोड आलाच आणि टणक होऊन दुखायला लागला तर सुई ज्योतीत धरून, गार करून, फोडाच्या कडेला दोन ठिकाणी टोचा, पाणी दाबून काढा, वरची कातडी काढू नका. त्यावर पोव्हिडोन आयोडीन आणि जाळीचं कापड. फोडात दोरा ओवून ठेवायची जुनी पद्धत आहे. ती सोडावी, दोऱ्याबरोबर घाण आत जाते आणि फोड पिकतो. मधुमेह असणाऱ्यांनी फोड स्वतः अजिबात टोचू नये, आणि रोज रात्री लहान आरशात दोन्ही तळपाय पाहावेत, कारण त्यांना जखम कळतेच असं नाही.

बुटाबरोबर एक हलकी पट्ट्यांची सँडल हवी: संध्याकाळी, घाटावर, ओढ्यातून जाताना. रबरी स्लीपर स्वस्त, पण शेवाळलेल्या पायरीवर दगा देते.

सॅक ३०-३५ लिटरची घ्या. पन्नास लिटरची घेतली तर ती भरतेच, जागा रिकामी ठेवणं कुणाला जमत नाही. रिकामी सॅक किलोच्या आत असावी आणि तिला कमरेचा पट्टा हवा. पट्टा पोटावर आवळायचा नसतो, कंबरेच्या हाडावर बसवायचा असतो. क्रम असा: आधी खांद्याचे पट्टे सैल, मग कमरेचा आवळा, मग खांद्याचे सॅक पाठीला टेकेल एवढेच ओढा. उलट केलं तर सगळा भार खांद्यावर येतो आणि संध्याकाळी मानेत कळ. भरताना अंथरूण-पांघरूण तळाशी, जड वस्तू मध्यावर पाठीलगत, दिवसा लागणारं वर. पाण्याच्या दोन बाटल्या दोन बाजूंना, एकाच बाजूला नकोत. बाहेर मग, चप्पल, डबा लटकवू नका. हलणारं वजन पावलागणिक ओढतं आणि काटेरी बाभळीत अडकतं. बगलझोळी परंपरेची म्हणून घ्यायची असेल तर तिच्यात पूजेचं आणि कागदपत्रं एवढंच, पाव-अर्धा किलो.

पावसाळा नसतो म्हणून पावसाची तयारी नसते, आणि मावठा गाठतो. सॅकचं बाहेरचं कव्हर पाठीकडून येणारं पाणी अडवत नाही. त्यापेक्षा आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला, साखरेच्या किंवा मैद्याच्या पोत्याला आतून असते तशी, आणि सगळं तिच्यात भरून तोंड पिळून बांधा. किराणा दुकानदार ती फुकटही देतो. अंगावर अडीचशे ग्रॅमचा पोंचो, जो रात्री फोमखाली अंथरताही येतो. साधी छत्री मार्चनंतरच्या उन्हात टोपीपेक्षा कामाची ठरते.

कपडे अंगावर एक, बॅगेत एक, आणि रात्रीसाठी काहीतरी सैल. पांढरं नेसायची रीत आहे, ती पाळा, पण कापड निवडताना एक परीक्षा घ्या: संध्याकाळी धुऊन, पिळून, घरातल्या दोरीवर घाला. पहाटे पाचला दमट लागलं तर ते कापड बाद. जाड खादी आणि शंभर टक्के सूत इथे नापास होतं, टेरिकॉट पास होतं. धोतर किंवा लुंगीखाली गुडघ्यापर्यंतची घट्ट अर्धी चड्डी घाला, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या सोलवटतात. तिथे रोज सकाळी खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चोळा. टर्किश टॉवेल अर्धा किलो भरतो, पंचा दीडशे ग्रॅम. पंचा अंग पुसतो, डोक्याला बांधता येतो, गढूळ पाणी गाळतो आणि मुरगळलेला हात गळ्यात अडकवायलाही चालतो.

बायकांसाठी: सुती पाचवारीपेक्षा पातळ सिंथेटिक साडी तासाभरात वाळते, आणि चालायला सलवार-कुर्ता सोपा. घाटावर आडोसा असेलच असं नाही. जुन्या परकराच्या नेफ्यात नवी नाडी घालून तो गळ्याशी बांधता येईल असा मोठा करा, त्याच्या आत कपडे बदलता येतात. पॅड तालुक्याच्या गावी मिळतात, झाडीच्या पट्ट्यात मिळतीलच असं नाही, तेवढा साठा बडवानीला करून घ्या. वापरलेले कागदात गुंडाळून पुढच्या गावापर्यंत न्यायचे. नदीत नाही आणि आश्रमाच्या चुलीतही नाही.

झाडीचा पट्टा म्हणजे बडवानीनंतरचा डोंगराळ भाग. त्यात आपल्या नंदुरबार जिल्ह्याचा ५४ किलोमीटरचा काठही येतो, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतला. सरदार सरोवराच्या पाण्याने काठ बुडाल्यावर वाट टेकड्यांवरून जाते, चढ-उतार खडे आहेत, दुकानं विरळ आणि मोबाइलला रेंज नाही. एरवी एक लिटर पाणी पुरतं, इथे दोन लिटर भरून निघा. स्टीलचा थर्मास नको, रिकामाच अर्धा किलोचा असतो. पाण्याच्या साध्या प्लॅस्टिक बाटलीचं वजन तीसेक ग्रॅम, पिचकली की बदलता येते. हापशाचं पाणी बरं. काठाचं प्यायचं तर पंच्याच्या चार पदरांतून गाळा आणि क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा. श्रद्धेने आचमन करणं वेगळं, दिवसाचं पाणी भरणं वेगळं. जुलाब झाले आणि पुडी हाताशी नसली तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. पाणी अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या, पुन्हा करा.

खायला दोन-तीनशे ग्रॅम फुटाणे, गूळ, खजूर. घरून डबे भरून दिलेला चिवडा तिसऱ्या दिवशी मऊ पडतो आणि मग वाटावा लागतो. भांड्यांत लिटरभर मापाचा झाकणाचा ॲल्युमिनियमचा डबा, एक ताटली, पेला, चमचा. डबाच पातेलं, डबाच कमंडलू. स्टोव्ह, गॅसची शेगडी काही नको. सदाव्रत मिळालं तर चूल आणि सरपण बहुधा तिथेच असतं. काडेपेटी मात्र दुहेरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली हवी.

औषधांची पेटी छोटी ठेवा. रोजच्या गोळ्या महिन्याभराच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या दोन प्रतींसह. पुढच्या अंकलेश्वर, भरूच, जबलपूर, नर्मदापुरमला घेता येतात. पॅरासिटामॉल, साखर-मिठाच्या पुड्या, बुरशीवरची पावडर, पेपर टेप, जाळीचं कापड, क्रेप बँडेज. अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने नेऊ नका. मंडला-दिंडोरीचा पट्टा मलेरियासाठी जुना ओळखीचा आहे. तीनशे ग्रॅमची एकट्याची मच्छरदाणी तिथे स्वतःचं वजन वसूल करते, आणि थंडी वाजून ताप आला तर दोन दिवस वाट न बघता सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावं.

विजेचं: १०,००० एमएएचची पॉवर बँक सव्वादोनशे ग्रॅमची असते, ती पुरे. २०,००० ची जवळपास दुप्पट जड आणि भरायला रात्र लागते, तर आश्रमात तीस माणसांत एक प्लग. म्हणून पन्नास ग्रॅमचा तीन तोंडांचा दोन पिनांचा प्लग न्या. आपलं चार्जिंग होतंच, दोन माणसांशी ओळखही होते. रेंज नसलेल्या भागात फोन एअरप्लेन मोडवर टाका. रेंज शोधत राहिलेला फोन दुपारपर्यंत झोपतो. कपाळावर बांधायचा दिवा हातातल्या विजेरीपेक्षा बरा, पहाटे पाचच्या अंधारात दोन्ही हात मोकळे राहतात.

दंड, म्हणजे परिक्रमेची काठी, घाटावर मिळतो, घरून नेऊ नका. वाळलेला, अंगठ्याएवढा जाड, सरळ बांबू निवडा. आणि खालचं टोक नीट पाहा. गाठीच्या लगेच खाली कापलेलं हवं. दोन गाठींच्या मध्ये कापला असेल तर टोक पोकळ राहतं, डांबरावर चार दिवस आपटलं की उभी चीर पडते आणि ती वर सरकत जाते. औषधाच्या दुकानात कुबड्यांना लावायचं रबरी बूच मिळतं, ते टोकाला बसवा. सैल असेल तर आत सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. डांबरी सडकेवर हाताला बसणारा झटका कमी होतो आणि आश्रमातल्या फरशीवर पहाटे टकटक होत नाही.

पूजेचं सामान हौसेने वाढतं. नर्मदाजलाची कुपी काचेची नको, घट्ट बुचाची शंभर मिलिलिटरची प्लॅस्टिकची किंवा तांब्याची पुरते. छोटी तसबीर, उदबत्तीचा एक पुडा, वाती. तूप वाटेत मिळतं. एवढं अडीचशे ग्रॅमच्या आत.

आधार कार्डाच्या चार छायाप्रती, चार फोटो, घरच्यांचे नंबर कागदावर लिहिलेले. आणि सुरुवातीच्या गावी ग्रामपंचायतीकडून किंवा नगर परिषदेकडून परिक्रमावासी असल्याचं पत्र घ्याल ते. सगळं लॉकच्या प्लॅस्टिक पिशवीत. रोख रक्कम थोडी, पण सुटी. रेंज नसलेल्या गावात फोनमधले पैसे असून नसल्यासारखे. या पिशवीचा खरा कस लागतो तो नदी समुद्राला मिळते तिथे, दक्षिण काठावरून उत्तर काठावरच्या मिठी तलाईला जाणाऱ्या नावेत. खाडीचं पाणी, भरती-ओहोटीच्या वेळेप्रमाणे सुटणारी नाव, चढता-उतरताना चिखल आणि तासन् तास भरउन्हात बसणं. त्या दिवशी बूट सॅकच्या आतल्या प्लॅस्टिकमध्ये, पायात सँडल, फोन आणि कागद छातीशी, आणि दोन लिटर गोडं पाणी, कारण मध्ये मिळायचं कारणच नाही.

अमरकंटकहून खाली उतरलं की ऊन चढत जातं. मार्च संपता संपता पोलरचं पांघरूण, स्वेटर, कानटोपी हे दीड किलो निव्वळ ओझं होतं. ते वाटून टाकायचं नसेल तर पोस्टाने घरी पाठवा, आपलं पार्सल पोस्टात कुणी अडवत नाही. फक्त सुती पिशवी ठेवा, उन्हाळ्यात तीच पांघरूण. पार्सलसाठी खोका शोधत बसू नका, जुन्या साडीची ती उशीची खोळ, जाड सुई आणि दोरा सोबत असतोच. शिवून टाका, पत्ता दोन ठिकाणी लिहा, आतही एक चिठ्ठी ठेवा. आणि ते दुपारच्या आत न्या. लहान गावातलं टपाल कार्यालय संध्याकाळपर्यंत उघडं असेल या भरवशावर थांबलात तर पुढचे वीस किलोमीटर तेच स्वेटर पाठीवर.

आपला,
एक वाचक, ठाणे